राऊटरने लाकडाचा गोल कापणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळपाट, घड्याळाची डायल, स्पीकरचं भोक, चार फुटी टेबल, वस्तू कुठलीही असो, राऊटरने (वेगाने फिरणाऱ्या धारदार बिटाने लाकूड कापणारं हातातलं मशीन) गोल कापायला बसलं की प्रश्न तेच येतात, म्हणून मला सारखे येणारे सगळे इथे एकदाचे लिहून ठेवतोय. मापं मिमीमध्ये दिली आहेत, पण सुताराशी बोलताना सूत लागतं, तर एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी. आणि एक गोष्ट खाली परत परत येईल, कारण तीच खरी आहे: गोल हातावर नसतो, मशीनच्या किमतीवरही नसतो, तो सेंटरवर असतो. सेंटर हलला की सगळं गेलं.

१. गोल कापायला राऊटरच कशाला? माझ्याकडे जिगसॉ (उभ्या पात्याची विजेची करवत) आहे, त्याने नाही होत का?

होतो की, पण जिगसॉचं पातं वळणावर खालच्या बाजूला वाकतं, वरून गोल बरोबर दिसतो आणि चकती पालथी केली की खालची कड दोन-तीन मिमी आत-बाहेर गेलेली असते, मग कानस आणि पॉलिश पेपर घेऊन तासभर बसायचं. राऊटर मात्र एका पिनभोवती फिरतो, शाळेतल्या कंपाससारखा, फक्त पेन्सिलीच्या जागी बिट, त्यामुळे कड सरळ उभी आणि गोल एकसारखा येतो. जिगसॉ कपाटात टाकू नका मात्र, दोन्ही मिळून सगळ्यात सुंदर काम होतं (प्रश्न १३ बघा).

२. छोटा ट्रिमर (लहान राऊटर) आहे, मोठा राऊटर घ्यायलाच हवा का?

१८ मिमीपर्यंत ट्रिमरवर काम होतं, फक्त दमाने करायचं. मोठ्या प्लंज राऊटरचा फायदा हा की मशीन चालू असताना बिट सरळ खाली दाबता येतो. साध्या ट्रिमरला ते जमत नाही, म्हणून कापायच्या रेषेवर आधी बिटाच्या मापाचं भोक ड्रिलने पाडून घ्या आणि बिट त्यात ठेवून मग मशीन सुरू करा. मशीन तिरकं धरून चालू बिट लाकडात घुसवायचा प्रयत्न कृपया करू नका.

कॉलेटचं, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीचं, माप मात्र नक्की बघा. ६ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी हे वेगळे आहेत, पण दुकानात दोन्ही सर्रास पाव इंची म्हणून हातात पडतात. ६ चा बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळल्यासारखा वाटतो आणि कापताना हळूहळू खाली सरकतो, तुम्हाला कळतच नाही आणि खोली वाढत जाते. अर्धा इंच म्हणजे १२.७ आणि १२ मिमी, तिथेही हेच, फक्त तिथे मशीन मोठं म्हणून धोकाही मोठा. बिट पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिमी बाहेर ओढायचा आणि आवळायचा, एकदम तळाला टेकवून आवळू नका.

३. हातमोजे घालू का? आणि मास्क खरंच लागतो?

हातमोजे नको. फिरणाऱ्या बिटात मोज्याचा धागा गेला तर तो हात ओढून नेतो. ओढणी, मफलर, लांब सैल बाही, गळ्यातली दोरी सगळं बाजूला ठेवायचं. गॉगल आणि मास्क हवेतच, राऊटरचा भुसा फार बारीक असतो, आणि शिसम आणि सागाच्या भुशाने बऱ्याच जणांना शिंका, डोळ्यांची आग, अंगाला खाज सुरू होते. कानांतही बोळे घाला, राऊटरचा आवाज बंद खोलीत फारच वाईट. आणि बिट बदलताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढायचा म्हणजे काढायचाच, घाई असली तरी.

४. जिग (राऊटरला सेंटरभोवती फिरवणारी पट्टी) घरी कसा बनवायचा? विकतचा महाग पडतो.

घरचाच चांगला. ६ मिमी प्लाय किंवा एमडीएफची साधारण १०० मिमी रुंद पट्टी घ्या, लांबी तुमच्या सगळ्यात मोठ्या गोलाच्या त्रिज्येपेक्षा वीतभर जास्त. राऊटरची काळी बेस प्लेट काढा, ती पट्टीच्या एका टोकावर ठेवून स्क्रूची भोकं आणि मधलं भोक आखून घ्या आणि पाडा, मग ती प्लेट बाजूला ठेवून पट्टीच थेट राऊटरला बसवा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण अनेक जण प्लेटवरच पट्टी चिकटवतात आणि मग बिटाची लांबी कमी पडते. १८ मिमीचा प्लाय, ६ ची पट्टी, शिवाय खाली ठेवलेल्या टाकाऊ फळीत जायला १ मिमी, म्हणजे २५ झाले, नेहमीच्या ६ मिमी बिटाची धार तेवढ्यातच संपते. स्क्रूची डोकी पट्टीत पूर्ण बुडाली पाहिजेत, नाहीतर लाकडावर गोल ओरखडा उमटतो आणि तो पॉलिशनंतर जास्तच दिसतो.

आता पिन. बहुतेक लोक इथे साधा खिळा ठोकतात आणि इथेच गोल बिघडतो, कारण खिळा बारीक, पट्टीचं भोक ढगळ, आणि ठोकताना खिळा थोडा तिरका जातोच. मी ५ मिमीच्या ड्रिल बिटाने पट्टीत भोक पाडतो, त्याच बिटाने लाकडात पाडतो, आणि तोच बिट उलटा करून पिन म्हणून घालतो. गुळगुळीत दांडा दोन्ही भोकांत घट्ट बसतो, बोटाने हलवून बघा, जरासुद्धा हालचाल जाणवायला नको. पट्टी फिरली पाहिजे पण खुळखुळली नाही पाहिजे, एवढी एक परीक्षा पास झाली की पुढचं काम निम्मं झालं असं समजा.

काही राऊटरच्या खोक्यात दोन रॉडचा गाईड येतो आणि त्याला सेंटरची पिन असते, तोही चालतो, फक्त रॉड लांब बाहेर काढले की ते लवतात.

५. माप कुठून कुठे घ्यायचं? माझी चकती दर वेळी ६ मिमी लहान येते.

बरोब्बर ६ मिमी लहान येते म्हणजे तुम्ही पिनपासून बिटाच्या मध्यापर्यंत त्रिज्या मोजताय आणि बिट ६ चा आहे. बिट अर्धा इकडे खातो, अर्धा तिकडे. चकती हवी असेल तर पिनच्या मध्यापासून बिटाच्या जवळच्या धारेपर्यंत त्रिज्या मोजा, भोक हवं असेल तर लांबच्या धारेपर्यंत. मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं तर चकतीसाठी त्रिज्या अधिक बिटाचा अर्धा, भोकासाठी त्रिज्या वजा बिटाचा अर्धा.

२४० मिमीचा पोळपाट, बिट ६ मिमी: १२० अधिक ३, म्हणजे १२३ वर पिन. तेच २४० चं भोक हवं असेल तर ११७ वर. बिटाची धार मोजताना बिट हाताने फिरवून पातं पिनच्या रेषेत आणा आणि मग पट्टी लावा, पातं आडवं असताना मोजलं तर हमखास चुकतं. आणि पहिल्यांदा टाकाऊ प्लायवर दोन मिमी खोल गोल काढून मोजून बघा, पाच मिनिटं जातात पण सागाची फळी वाचते.

६. बिट कोणता घेऊ? सरळ की स्पायरल?

सुरुवातीला दोन पात्यांचा सरळ कार्बाइड बिट, ६ मिमी, बस. अपकट स्पायरल भुसा वर फेकतो म्हणून खोल खाचेत तो छान चालतो, पण वरच्या लॅमिनेटच्या किंवा व्हिनिअरच्या ढलप्या काढतो. डाऊनकट वरची कड स्वच्छ ठेवतो पण भुसा खाचेतच कोंबतो आणि मग बिट तापतो. कार्बाइडचाच घ्या, कारण सागवानात सिलिका असते, ती साधी स्टीलची धार बघता बघता बोथट करते.

७. एका फेरीत किती खोल जायचं?

ट्रिमरवर ३ मिमी, म्हणजे एक सूत. मोठ्या राऊटरवर प्लायमध्ये ५ ते ६ मिमीपर्यंत, शिसम-बाभळीसारख्या कडक लाकडात ३ ते ४. सहा सूत प्लायला ट्रिमरने सहा फेऱ्या लागतात आणि लागू द्या. प्रत्येक फेरीनंतर खाचेतला भुसा ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा, त्याने बिटाचं आयुष्य खरंच वाढतं.

८. राऊटर कुठल्या दिशेने फिरवायचा? कोणी सांगतं सरळ, कोणी उलट.

बिट वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे चकती ठेवायची असेल तर राऊटर काट्यांच्या उलट दिशेने न्यायचा, भोक ठेवायचं असेल तर काट्यांच्या दिशेने.

दोघं वेगळं का सांगतात ते पण सांगतो. खाच पूर्ण भरलेली असते, दोन्ही बाजूंना लाकूड, तेव्हा दिशेने फार फरक पडत नाही, म्हणून चुकीच्या दिशेने फिरवणाऱ्याचंही काम निघून जातं आणि त्याला वाटतं आपलं बरोबर आहे. खरा फरक पडतो तो अर्धा-एक मिमी सोलायच्या शेवटच्या फेरीत. तिथे चुकीच्या दिशेने गेलात तर बिट चाकासारखा कडेवर पळतो आणि मशीन हातातून पुढे झेप घेतं. म्हणून सवय पहिल्या फेरीपासूनच बरोबर लावा. वायर खांद्यावरून मागे टाका आणि सुरू करण्याआधी मशीन बंद ठेवून एक पूर्ण फेरी कोरडी मारून बघा, वायर कुठे अडकते ते तिथेच कळतं.

९. मध्यभागी भोक पडतं ते दिसायला नको आहे, काय करू?

खालच्या बाजूने कापा. पोळपाट, टेबल टॉप, स्टूल सगळ्यांना एक बाजू खालची असतेच, तिथे ८-१० मिमी खोल भोक पाडलं तर वर काही दिसत नाही. ड्रिल बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे आरपार जाणार नाही. दोन्ही बाजू दिसणार असतील तर ३ मिमी एमडीएफ अख्ख्या फळीवर टू-साइड टेपने चिकटवा आणि पिन त्यात बसवा, खाली खिळा-स्क्रू काही न लावता फळी टेबलाला नीट धरलेली असू द्या. नुसता मधे छोटा तुकडा चिकटवला तर पट्टी एका टोकाला उचलली जाते आणि बिट तिरका होतो, ते करू नका. घड्याळाच्या डायलला तर प्रश्नच नाही, तिथे मशीनसाठी भोक लागतंच.

१०. शेवटच्या फेरीला चकती हलली आणि कडेला खाच पडली. हे कसं टाळायचं?

हे माझ्याही हातून झालंय, शिसमच्या पोळपाटावर, साडेतीन बाजू सुंदर झाल्या होत्या आणि शेवटच्या वीतभर अंतरात चकती सुटून बिटाकडे सरकली. कडेला नखाएवढा घाव पडला, तो काढायला अख्खा गोल ८ मिमीने लहान करावा लागला. कारण सरळ होतं: चकती खालच्या फळीला धरलेलीच नव्हती, पिन तिला जागेवर ठेवते पण फिरण्यापासून थांबवत नाही.

तेव्हापासून खाली टाकाऊ प्लाय आणि चकती त्याला पक्की, दुसरा विषय नाही. खालून स्क्रू लावता आले तर उत्तम, पण ते बिटाच्या वाटेत आणि वरच्या बाजूने बाहेर येणार नाहीत याची खात्री करा. नाहीतर दोन्ही पृष्ठभागांवर मास्किंग टेप लावून टेपच्या पाठीला पाठ फेविक्विकने चिकटवा, घट्ट बसतं आणि नंतर लाकूड खराब न होता सुटतं. बाहेरचा कचराही धरा, फक्त चकती धरून चालत नाही, मोकळा झालेला कोपरा बिटाने उडतो. दुसरा मार्ग म्हणजे शेवटचा एक मिमी कापायचाच नाही, तो पापुद्रा करवतीने मोकळा करायचा आणि बेअरिंगवाल्या ट्रिम बिटाने (याचं बेअरिंग कडेवर टेकून फिरतं आणि धार तेवढंच कापते) साफ करायचा.

११. गोल पूर्ण झाला पण सुरुवात आणि शेवट जुळत नाही, कधी अंड्यासारखा होतो.

दहातल्या नऊ वेळा पिन ढगळ असते, प्रश्न ४ मधली ड्रिल बिटाची युक्ती करा. ती ठीक असेल तर बघा की तुम्ही राऊटरला दाबताय का ओढताय, हात बदलताना लोक नकळत बाहेरच्या बाजूला ओढतात. दाब खाली आणि पुढे द्यायचा, पिनकडे किंवा पिनपासून लांब नाही. तिसरं कारण, फळी मऊ असेल, आंब्याच्या हलक्या फळीत पिनचं भोकच रुंद होत जातं, तिथे भोक आणखी खोल घ्या. आणि जर प्रत्येक फेरीला पायरी पडत असेल, म्हणजे वरचा गोल आणि खालचा गोल वेगळा, तर बिट कॉलेटमध्ये सैल आहे (प्रश्न २). कापल्यानंतर दोन महिन्यांनी अंड्यासारखा झाला असेल तर ते वेगळं, प्रश्न १८ बघा.

१२. कड काळी पडते, जळाल्याचा वास येतो.

बिट बोथट, किंवा तुम्ही फार हळू जाताय, किंवा खाचेत भुसा साचलाय. काळे डाग ठरावीक तीन-चार जागीच असतील तर तिथे तुम्ही हात बदलायला थांबलात. थांबायचंच असेल तर बिट वर उचलून थांबा. बिटावर चिकटलेलं काळं राळ रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने काढा आणि पूर्ण वाळू द्या, पुष्कळदा बिट बोथट झालेला नसतोच, नुसता माखलेला असतो.

१३. प्लायला काही होत नाही, पण सॉलिड लाकडात दोन जागी मोठ्या ढलप्या निघतात. नेहमी समोरासमोरच, असं का?

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. लाकडाच्या रेषा एकाच दिशेने जातात आणि तुम्ही गोल फिरताय, त्यामुळे गोलाचे चार भाग केले तर दोन समोरासमोरच्या भागांत बिट रेषांवरून हात फिरवल्यासारखा जातो आणि उरलेल्या दोनांत रेषांच्या टोकाखाली शिरून त्या उचकटतो. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं.

उपाय हा की बिटाला तिथे खायला कमी द्यायचं. आधी रेषेच्या तीन मिमी बाहेरून जिगसॉने गोल कापून घ्या, मग राऊटरने अर्धा-अर्धा मिमी सोलत या. जिगवर पिनची जागा बदलण्यापेक्षा आधीच दोन भोकं पाडून ठेवा, दुसरं बिटापासून अर्धा मिमी जास्त लांब, पण दोन्ही एकमेकांत जाऊ नयेत म्हणून थोडं बाजूला. ही सोलायची फेरी पूर्ण उंचीने घेता येते आणि कड अशी येते की पॉलिश पेपर जवळपास लागत नाही. उचकटणाऱ्या दोन भागांत काही सुतार मुद्दाम उलट दिशेने, अगदी केसभर घेत जातात, ते काम करतं, पण प्रश्न ८ मधली झेप आठवा, दोन्ही हात मशीनवर आणि चकती पक्की धरलेली असेल तरच.

१४. चार फुटी टेबल टॉप एका शीटमधून निघेल का?

८ बाय ४ चं शीट २४४० बाय १२२० मिमी असतं. १२०० मिमीच्या चकतीला ६ च्या बिटाने १२१२ लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ४-४ मिमी. लांबीत दोन चकत्या २४२४ मध्ये बसतात. निघतं, पण सेंटर ५ मिमी जरी चुकला तरी एका बाजूने बिट शीटबाहेर, म्हणून मी तर ११८० करा असंच सांगेन, जेवायला बसणाऱ्याला २० मिमी कळत नाहीत. एवढा गोल जमिनीवरच कापा, खाली टाकाऊ पट्ट्या घालून, स्वतः राऊटरबरोबर फिरा, एका जागी बसून हात लांब करू नका.

१५. तीन इंचापेक्षा लहान गोल राऊटरने होतो का?

होतो, पण पिन राऊटरच्या बेसखालीच येते आणि काही दिसत नाही. एक-दोन भोकं पाडायची असतील तर होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या. पंचवीस एकसारखी बटणं किंवा कोस्टर हवे असतील तर एक अचूक नमुना बनवा आणि बेअरिंगवाल्या बिटाने त्याच्यावरून बाकीचे काढा, तुकडा मात्र हातात धरायचा नाही, खाली चिकटवायचा.

१६. रिंग हवी आहे, किंवा स्पीकर बुडून बसेल अशी पायरी हवी आहे. आधी काय कापू?

सेंटर ज्याने मोकळा होतो ते सगळ्यात शेवटी. रिंगसाठी आधी बाहेरचा गोल, मग आतला. आतला आधी आरपार केलात तर पिनवाला तुकडाच सुटतो, मग बाहेरच्या गोलाला सेंटर कुठून आणणार? स्पीकरला आधी मोठी उथळ पायरी, फ्लँजच्या (स्पीकरच्या बाहेरच्या कडेच्या) जाडीएवढी, आणि मग मधलं आरपार भोक. स्पीकरचा ६.५ इंच आकडा भोकाचा नसतो, कटआऊटचं माप डेटाशीटमध्ये वेगळं दिलेलं असतं, तेच घ्या.

१७. दारावर कमान करायची आहे, सेंटर फळीच्या बाहेर पडतो.

फळीला चिकटून त्याच जाडीचा तुकडा ठेवा, दोन्ही एकाच खालच्या फळीला स्क्रू करा, सेंटर त्या तुकड्यात. जाडी अर्धा मिमी जरी वेगळी असली तरी पट्टी डुगडुगते, म्हणून त्याच शीटचा तुकडा वापरा.

१८. सागाचा टॉप उन्हाळ्यात कापला तेव्हा गोल होता, पावसाळ्यात लांबट झाला. माझं चुकलं का?

नाही चुकलं. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे सॉलिड लाकडाचा प्रत्येक गोल ऋतूप्रमाणे थोडा लंबगोल होतो. २४० मिमीच्या चकतीत दोनएक मिमी फरक सहज पडतो, कोकणात तर नक्कीच. म्हणून सॉलिड चकती घट्ट रिंगमध्ये बसवू नका, फट ठेवा, आणि टेबलाचे स्क्रू लांबट भोकांतून घ्या. अजिबात हलायला नको असेल तर प्लाय.

१९. पोळपाटाला कुठलं लाकूड, कुठलं तेल?

शिसम, साग, आंबा, बाभूळ सगळे चालतात, प्लाय नको, ओली कणीक आणि रोजचं धुणं त्याला झेपत नाही. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण लावा. शेंगदाणा तेल खवट होतं आणि रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल खायच्या वस्तूला नको, त्यात वाळवणारी रसायनं असतात. पाय तीन लावा, ओटा कितीही वाकडा असला तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. तीन जागा काढायला खालचं पिनचं भोकच वापरा: त्यावरून कंपासने गोल काढा, तीच त्रिज्या गोलावर सहा वेळा बसते, एक सोडून एक खूण घ्या.

२०. जुनं भोक मोठं करायचं आहे, सेंटर तर राहिलाच नाही.

भोकात त्याच जाडीचा तुकडा घट्ट बसवा, खालून पट्टी मारून पक्का करा, आणि सेंटर गुण्याने (काटकोनी पट्टीने) शोधा. गुण्याचा कोपरा जुन्या भोकाच्या कडेवर टेकवा, त्याच्या दोन्ही बाजू कडेला समोर जिथे मिळतात तिथे खुणा करा आणि त्या जोडा, ती रेघ व्यास असते. गुण्या दुसऱ्या जागी टेकवून परत करा, दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो सेंटर. तिसऱ्यांदा करून बघा, तिसरी रेघही तिथूनच गेली तर पिन बसवा, नाही गेली तर जुनं भोकच गोल नाही, मग तीन रेघांच्या मधला ठिपका घ्या आणि नवीन माप एवढं मोठं ठेवा की जुनी कड सगळीकडून निघून जाईल.